घाट उतरताना वळण नेमकं कुठे हुकतं?

रविवारी सायकलवरून इंदूरजवळचा जाम घाट उतरून, पुन्हा चढून महूत पोह्यांच्या गाडीवर थांबलो होतो. इंदुरी पोहे, वर शेव आणि जिरावन, एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात भाच्याचा मोबाइल. गटातल्या एकाने कठड्यालगत उभं राहून डावीकडच्या एका हेअरपिनवर, म्हणजे रस्ता जवळपास उलटा फिरवणाऱ्या वळणावर, सगळ्यांचा व्हिडिओ काढला होता. भाचा बावीस वर्षांचा, मी पंचावन्नच्या पुढचा. त्याच्या पायांत माझ्या दुप्पट जोर आहे, ते चढावर दर रविवारी दिसतं. त्या वळणावर मात्र एका मैलाच्या दगडापासून पुढच्या झाडापर्यंत मोजलं, तर मी दीड सेकंद आधी पोचलो होतो.

"मामा, मी तुझ्यापेक्षा कितीतरी जोरात आलो होतो. मग तू पुढे कसा?"

दोघांच्या सायकल-कॉम्प्युटरमधले आकडे काढले. तो वळणाच्या तोंडाशी ताशी ४१ किलोमीटरने आला होता, मधे १४ वर आला आणि बाहेर पडताना १७ वर होता. मी २७ ने शिरलो, २७ नेच फिरलो आणि २९ ने बाहेर पडलो. व्हिडिओत तर अजून स्पष्ट दिसत होतं. मधोमध त्याचा मागचा टायर जरा घसरतो, सायकल उभी होते आणि तो सरळ उजवीकडच्या, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जातो. त्या क्षणी वर चढणारी एखादी ट्रॅक्टर-ट्रॉली नव्हती, हे नशीब.

चूक झाली ती वळणात नव्हे, त्याच्या दोन सेकंद आधी. पण ते पटवायला थोडं भौतिकशास्त्र लागतं, आणि ते तसं काही अवघड नाही.

सायकल वळते म्हणजे रस्ता तिला आत ढकलतो. हा ढकलणारा जोर फक्त टायर आणि डांबर यांच्यातल्या पकडीतून येतो, दुसरीकडून कुठूनही नाही. किती जोर लागेल ते दोन गोष्टींवर ठरतं: वेग आणि वळणाची त्रिज्या. त्रिज्या निम्मी झाली तर जोर दुप्पट लागतो, आणि वेग दुप्पट झाला तर चौपट. हा वर्गाचा हिशोब डोक्यात बसत नाही, तिथेच माणसं पडतात. भाच्याचा वेग माझ्या दीडपट होता, पण त्याला पकड हवी होती माझ्या सव्वादोनपट.

त्या हेअरपिनवर आमच्या जाण्याच्या रेषेची त्रिज्या साधारण १३ मीटर धरली, तर २७ च्या वेगाला आडवा जोर लागतो तो आपल्या वजनाच्या ४४ टक्के. सायकल उभ्या रेषेपासून जवळपास २४ अंश झुकते. ४१ च्या वेगाला मात्र पूर्ण वजनाएवढा जोर हवा आणि झुकाव ४५ अंशांच्याही किंचित वर. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर स्वतःवरच्या भाराच्या साधारण आठ ते नऊ दशांश एवढा आडवा जोर पेलतो. म्हणजे भाचा ज्या वेगाने आला होता त्या वेगाने ते वळण घेणं कुणालाच शक्य नव्हतं. तो घाबरला नसता, तरी.

आमच्या गटात एक समज पक्का बसलाय, की वजनदार माणूस वळणावर लवकर घसरतो. खरं तर वजन वाढलं की लागणारा जोर वाढतो, तशी टायरची पकडही त्याच प्रमाणात वाढते. झुकाव दोघांचा सारखाच. वजनदार माणसाची अडचण वेगळी असते. उतारावर त्याचा वेग जास्त चढतो आणि तो उतरवायचं काम त्याच्या ब्रेकला करावं लागतं.

आता ही पकड किती जागेवर मिळते, बघा. मी आणि सायकल मिळून ८५ किलो. टायर २८ मिलिमीटरचे, हवा ७० पीएसआयच्या आसपास, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास पाच किलो. भागाकार केला की दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकतात ती जागा येते १७ चौरस सेंटिमीटर. काडेपेटीची वरची बाजू जेवढी असते, तेवढीच. ताशी ४० ने घाट उतरणारा माणूस काडेपेटीवर उभा असतो.

या पकडीकडे मी पगारासारखा बघतो. महिन्याचे १०० रुपये आणि खर्च दोनच: वळणं आणि ब्रेक. हे दोन खर्च एकमेकांशी काटकोनात असतात. एक आडवा, एक उभा. त्यामुळे साधी वजाबाकी चालत नाही, शाळेतला पायथागोरस लागतो. वळणात ६० रुपये गेले तर ब्रेकसाठी ४० नव्हे, ८० उरतात. वळणात ८० गेले तर ६०. इथपर्यंत मजेत चाललंय असं वाटतं. पण वळणात ९५ गेले की ब्रेकसाठी एकदम ३१ वर येतो, आणि १०० गेले की शून्य. शेवटच्या पाच रुपयांत सगळं दिवाळं निघतं. म्हणूनच हलक्या झुकावात थोडा ब्रेक चालतो, मुरलेले सायकलस्वार वळणात शिरतानाही तो हळूहळू सोडत जातात. तोच ब्रेक पूर्ण झुकलेल्या सायकलवर चिमटीने दाबला तरी माणूस खाली येतो.

मला हे कळलं ते कोपर सोलवटून. काही वर्षांपूर्वी सिमरोलच्या पुढे, खंडवा रोडवर भेरू घाट उतरत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. एका वळणात अर्ध्यावर आल्यावर समोर गिट्टी दिसली आणि हात आपोआप ब्रेकवर गेला. गिट्टीवर पकड निम्म्याच्याही खाली जाऊ शकते, म्हणजे माझा पगार आधीच कापला गेला होता आणि मी वर उसनवारी करत होतो. पुढचं चाक निघालं. मागचं चाक सरकलं तर कधी कधी सावरता येतं, पुढचं निघालं तर सावरायला वेळच उरत नाही. ब्रेक न दाबता तसाच गेलो असतो तर बहुधा निभावलं असतं. निदान कडेच्या मातीत तरी थांबलो असतो, डांबरावर नाही.

म्हणून ब्रेकचं काम सरळ रस्त्यावर, सायकल उभी असतानाच उरकायचं. दोन्ही ब्रेक, पण भर पुढच्यावर. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, पुढचा टायर डांबरात रुततो आणि मागचा हलका होतो. हलका झालेला मागचा टायर चटकन जाम होतो आणि घसरतो. भाच्याचं तेच झालं, कारण भीतीने त्याने मागचाच ब्रेक आवळला होता. पुढच्या ब्रेकने माणूस उलटतो ही लहानपणची धास्ती अगदीच खोटी नाही. फार जोरात आवळला तर उलटतोही. म्हणून कंबर थोडी मागे न्यायची, कोपरं जरा वाकवायची आणि ब्रेक झटक्याने न आवळता दाब वाढवत न्यायचा. आणि तुमच्या सायकलला पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे, ते घरच्या फाटकातच बघून घ्या. हिंदुस्थानात दोन्ही तऱ्हेच्या सायकली विकल्या जातात.

आता रेषेविषयी. टीव्हीवर शर्यत बघितलेला प्रत्येक जण सांगतो: बाहेरून शिरा, आत टेकवा, बाहेर पडा. बरोबर आहे, कारण त्याने त्रिज्या मोठी होते. पण शर्यतीत अख्खा रस्ता बंद असतो. आपल्याकडे डावी बाजूच आपली. दोनपदरी रस्त्याचा आपला पदर साडेतीन मीटरचा, त्यातली कड आणि मधल्या रेषेजवळची जागा सोडली तर वापरायला अडीच मीटर उरतात. तेवढ्यात किती फायदा मिळतो याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला आणि चकित झालो. काटकोनातलं वळण असेल, आतल्या कडेची त्रिज्या साडेदहा मीटर, तर नीट रेषा धरल्यावर ती १९ पर्यंत जाते. तेवढ्याच पकडीत वेग एक तृतीयांशाने वाढवता येतो. पण पूर्ण उलटं फिरणारं हेअरपिन असेल तर साडेदहाची त्रिज्या जेमतेम १३ होते, वेगात फायदा फक्त दहाव्या हिश्शाचा. म्हणजे हेअरपिनवर रेषेची हुशारी फारशी कामाला येत नाही, आधी वेग कमी करणं हाच काय तो उपाय. भाच्याने रेषेवर भरवसा ठेवला होता आणि वळण होतं हेअरपिन.

आपल्या बाजूने उतरताना डावं आणि उजवं वळण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. डावीकडचं वळण आपल्याला आतून मिळतं, त्रिज्या लहान, आणि डोंगराची कड मधे आल्यामुळे पुढचं दिसत नाही. इथेच हात उजव्या पदराकडे ओढला जातो. त्याला आवर घालायचा आणि आतल्या कडेला टेकायचं ते उशिरा, वळण दोन-तृतीयांश सरल्यावर. उशिरा टेकलं की पुढचं जास्त दिसतं आणि बाहेर पडताना सायकल मधल्या रेषेकडे भिरकावली जात नाही. उजवीकडचं वळण मोठं आणि मोकळं असतं, म्हणून सोपं वाटतं, पण वर चढणाऱ्या बस आणि ट्रक ते वळण रुंद घेत आपल्या पदरात येतात. तिथे आतली कड म्हणजे मधली पट्टी. तिला टेकणं म्हणजे ड्रायव्हरच्या आरशाला डोकं लावणं. मी उजव्या वळणांवर पदराच्या मधोमध राहतो आणि दोन-तीन किलोमीटरचा वेग खुशाल सोडून देतो.

पुढचं वळण किती आवळलेलं आहे, हे ओळखायची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना भेटताना दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. आपण पुढे जाऊ तसा तो बिंदूही पळत पुढे जात असेल, तर वळण उघडतंय. बिंदू जागेवर ठाण मांडून बसला आणि आपण त्याच्यावर चाल करून जातोय असं वाटलं, तर वळण आवळतंय, वेग अजून उतरवा. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, याहून जास्त वेग कुठल्याच आंधळ्या वळणावर नको.

नजरेचं हे एवढ्यासाठी, की सायकल डोळ्यांमागे जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. व्हिडिओ थांबवून बघितला, तर भाच्याचं हेल्मेट सरळ समोरच्या कठड्याकडे होतं. त्याने कठडा पाहिला आणि सायकल कठड्याकडे निघाली.

मग सायकल झुकवायची कशी? डावीकडे जायचं तर हँडल डावीकडे वळवायचं, असं आपण समजतो. घाटाच्या वेगाला उलटं होतं. डावा हात हँडलवर किंचित पुढे दाबा. चाक क्षणभर उजवीकडे जातं, त्यामुळे सायकल डावीकडे कलंडते आणि वळण सुरू होतं. आपण सगळे हे नकळत करत असतो. विमानाच्या आधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरनेही हे टिपलं होतं, की सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना आपण हे करतोय याचा पत्ताच नसतो. नकळत होणारी गोष्ट मुद्दाम करता आली, की वळणात मधेच कुत्रं आडवं आलं तरी रेषा बदलता येते. आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० च्या वेगाने हलक्या हाताने करून बघा. हँडलला धक्का मारू नका, फक्त दाब द्या.

बाहेरचं पेडल खाली, आतलं वर. डाव्या वळणात उजवा पाय खाली आणि शरीराचा भार त्याच पायावर, बैठकीवर फक्त टेकल्यासारखं. आतलं पेडल खाली राहिलं तर झुकलेल्या सायकलीवर ते डांबराला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. हात हँडलच्या खालच्या वळणावर, ज्याला आम्ही ड्रॉप्स म्हणतो. तिथून ब्रेकवर पकड चांगली बसते, छाती खाली येते आणि पुढच्या चाकावर भार राहतो. घाबरलेला माणूस याच्या नेमकं उलट करतो: ताठ बसतो, हात लांब करतो, वजन मागे नेतो. पुढचं चाक हलकं पडलं की सायकल वळायचं नावच घेत नाही.

शरीर झुकवायचं की सायकल, यावर आमच्या गटात चहाचे किती कप गार झाले असतील त्याची गणती नाही. माझं मत असं: कोरड्या रस्त्यावर दोघं एका रेषेत झुकू द्या. ओल्यावर सायकल थोडी उभी ठेवून खांदे आत न्या. बाकी चर्चा शर्यत लावणाऱ्यांसाठी. २०२२ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत मातेय मोहोरिचने पोज्जोच्या उतारावर बैठक खाली सरकवता येणारा दांडा वापरून बाजी मारली. अंग खाली, सायकल हलवायला मोकळी. आमच्यासारख्यांनी तसला दांडा घेण्याआधी टायरातली हवा जरा कमी करून बघावी, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. आणि सायकलच्या आडव्या नळीवर बसून छाती हँडलला टेकवायची ती पोझ भाच्याने अजिबात करू नये, असं मी त्याच्या आईसमोर सांगितलंय. जागतिक सायकल संघटनेने २०२१ पासून ती शर्यतीतही बंद केली आहे.

रस्ता कसा आहे त्यावर पगार ठरतो, हे मे महिन्यात माळव्यात सायकल चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. डांबर पाघळून काळं चकचकीत होतं, ते टाळायचं. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये गाप गावाच्या अलीकडच्या उतारावर होसेबा बेलोकी असाच वितळलेल्या डांबरावर ब्रेक लावताना घसरला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. मागून येणारा लान्स आर्मस्ट्राँग त्याला चुकवताना रस्ता सोडून शेतात उतरला आणि शेत ओलांडून पुढच्या वळणावर पुन्हा रस्त्याला लागला. आपल्याकडे त्यात भर म्हणजे पहिल्या पावसात वर येणारं तेल, ट्रकमधून सांडलेलं डिझेल, ओले पांढरे पट्टे, आणि वळणाच्या आतल्या कडेला वाहून आलेली गिट्टी. डाव्या वळणात आपल्याला टेकायचं असतं ते नेमकं त्याच कडेला. म्हणून पावसाळ्यात मी कडेपासून हातभर आतच राहतो.

ब्रेकचंही थोडं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, घाटाखालचं महेश्वर दीडशेच्या आसपास. ८५ किलोचा ऐवज ४०० मीटर खाली आणायचा, तर जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्यात एक लिटर पाणी उकळतं. सगळ्या गटाच्या चहाचं आधण. त्यातली काही वारा घेऊन जातो, उरलेली ब्रेकमध्ये जाते. घाटभर ब्रेक हलका दाबून ठेवला तर रिम तापत राहते, थंड व्हायला उसंतच मिळत नाही, आणि रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलीची ट्यूब तापून फुटल्याचेही प्रकार होतात. त्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबा, वेग उतरवा, सोडून द्या. मधल्या सरळ तुकड्यात उभं अंग केलं तर वाराच अर्धा ब्रेक होतो, तोही फुकट.

अहिल्याबाईंनी माळवा आणि निमाड यांच्या वेशीवर जाम दरवाजा उभारला, तेव्हा तिथून पालख्या आणि घोडे उतरत असतील. त्यांनाही ही वळणं जपूनच घ्यावी लागली असतील.

पुढच्या रविवारी त्याच वळणावर पुन्हा व्हिडिओ काढला. या खेपेला भाचा मैलाच्या दगडापाशीच दोन्ही ब्रेक दाबून ३० वर आला, मुंडी डावीकडे, उजवा पाय खाली, आणि ३१ ने बाहेर पडला. माझ्यापेक्षा जोरात. पोह्यांच्या गाडीवर त्याने माझी क्लिप लावली, बाहेर पडतानाच्या एका चौकटीवर थांबवली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

"मामा, सायकल अजून झुकलेली आहे आणि तू पेडल मारायला लागलायस. डावं पेडल बघ कुठे आहे."

जमिनीपासून दोन बोटांवर होतं.